पाँडिचेरीची फ्रेंच इन्स्टिट्यूट : सत्तर वर्षांची वाटचाल

२१ मार्च १९५५ रोजी पाँडिचेरीत फ्रेंच इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले, तेव्हा ज्या राज्याचे नाव ती लावत होती ते राज्य त्या शहरातून उठून साडेचार महिने लोटले होते. वसाहत संपल्यानंतर मागे राहिलेल्या वास्तू, पुतळे, रस्त्यांची नावे आपण पुष्कळ पाहतो. वसाहत संपताना, दोन्ही देशांच्या संमतीने, पुढच्या काळासाठी म्हणून एक ज्ञानसंस्था जन्माला यावी आणि तिने सत्तर वर्षे अखंड काम करावे, हे उदाहरण मात्र विरळा आहे. म्हणून या संस्थेचा इतिहास सांगताना थोडे मागे जाऊन फ्रेंचांच्या पाँडिचेरीपासून सुरुवात करणे भाग आहे. मराठी वाचकाला तर त्या मागच्या इतिहासात आपली माणसे भेटतात.

पूर्वपीठिका : १६७३ ते १९५४

फ्रेंच मंत्री कोल्बेरच्या पुढाकाराने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी १६६४ साली निघाली. तिची भारतातील पहिली वखार १६६८ साली सुरतेस पडली. कोरोमंडल किनाऱ्यावर पाय रोवण्यासाठी मात्र तिला १६७३ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी विजापूरकरांच्या वतीने वालिकंडपुरम सांभाळणाऱ्या शेरखान लोदीने फ्रेंचांना पाँडिचेरीची जागा दिली. कोळ्यांचे आणि विणकरांचे हे गाव फ्रान्स्वा मार्तँ या चिवट माणसाने वाढवले.

चार वर्षांतच शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयावर निघाले. १६७७ साली जिंजी त्यांच्या हाती आली, शेरखानाचा पराभव झाला आणि मार्तँचा पाठीराखाच नाहीसा झाला. मार्तँने महाराजांकडे वकील धाडला. फ्रेंचांनी कोणाचाही पक्ष घेऊ नये, मग त्यांनी पाँडिचेरीत निर्धास्त राहावे, असा कौल त्याला मिळाला. मार्तँने या साऱ्या घडामोडी आपल्या आठवणींत तपशिलाने लिहून ठेवल्या. दक्षिणेच्या त्या मोहिमेसाठी समकालीन साधन म्हणून आपले इतिहासकार आजही त्या आठवणींकडे वळतात. पुढे राजाराम महाराज जिंजीत असताना, १६९० च्या सुमारास, फ्रेंचांना पाँडिचेरीला तटबंदी करण्याची परवानगी मिळाली. मोगलांच्या वेढ्याने पैशाची निकड वाढली तेव्हा डचांनी जिंजी दरबाराकडून पाँडिचेरीचे हक्क विकत घेतले आणि १६९३ साली गावही जिंकले. रिस्विकच्या १६९७ च्या तहाने ते फ्रेंचांकडे परत आले. कारैकल तर तंजावरच्या भोसल्यांकडून आले : १७३९ साली फ्रेंचांनी तेथे ताबा घेतला. त्याआधी माहे आणि यानम त्यांच्याकडे आले होते, आणि बंगालमध्ये चंद्रनगर होते.

गव्हर्नर द्युप्लेक्सचे दिवस सर्वांना ठाऊक आहेत. त्या दिवसांचे खरे चित्र हवे असेल तर त्याचा दुभाष आनंदरंग पिळ्ळै याने तमिळमध्ये लिहिलेली रोजनिशी वाचावी. १७३६ पासून १७६१ पर्यंत बाजारभाव, दरबारी कट, जहाजांची ये-जा असे सारे तिच्यात आहे. जानेवारी १७६१ मध्ये फ्रेंच सेनापती लालीने शरणागती पत्करली आणि इंग्रजांनी शहर जमीनदोस्त केले. आज जे सरळ रस्त्यांचे शहर आपण पाहतो ते त्यानंतर पुन्हा उभे केलेले आहे. १८१६ साली पाचही ठाणी कायमची फ्रेंचांकडे परत आली, पण किल्ले बांधायचे नाहीत या अटीवर. एकूण सुमारे ५०० चौरस किलोमीटर मुलूख, आणि तोही चारी दिशांना विखुरलेला.

या राज्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. कालव्याच्या समुद्राकडच्या बाजूला गोऱ्यांची वस्ती आणि पलीकडे काळ्यांची, अशी शहराची फाळणी नकाशावर स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकात पाँडिचेरी आणि कारैकल बंदरांतून हजारो तमिळ मजूर करारावर रेयुनियाँ, ग्वादलूप, मार्तिनिक येथील उसाच्या मळ्यांवर पाठवले गेले. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर मळेवाल्यांना जे हात हवे होते ते इथून गेले. ३० जुलै १९३६ रोजी हक्क मागणाऱ्या गिरणी कामगारांवर गोळीबार होऊन १२ जण मृत्युमुखी पडले. व्ही. सुब्बैया यांच्यासारख्या नेत्यांचा लढा त्याच मातीतून उभा राहिला.

विद्येच्या क्षेत्रातही वसाहतीचा एक ठरलेला रस्ता होता, आणि तो बंदराकडे जात असे. १७३० च्या दशकात फादर पाँस यांनी बंगालमधून संस्कृत पोथ्या पॅरिसच्या राजग्रंथालयाला धाडल्या. पाँडिचेरीतील अधिकारी एद्वार आरिएल यांनी जमवलेला तमिळ ग्रंथांचा मोठा संग्रह १८५४ साली त्यांच्या निधनानंतर फ्रान्सलाच गेला. या विद्वानांची आस्था खोटी नव्हती. पण पोथी एकदा बोटीवर चढली की ज्या गावातून ती गेली त्या गावाला ती पुन्हा दिसत नसे. विसाव्या शतकात पाँडिचेरीच्या महाविद्यालयातील अध्यापक गाब्रिएल झुव्हो-द्युब्रय यांनी पल्लव शिल्पांचा अभ्यास केला आणि पाँडिचेरीजवळच्या अरिकमेडूच्या मातीत रोमन व्यापाराच्या खुणा ओळखल्या. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर आणि नंतर झाँ-मारी काझाल यांनी तेथे उत्खनन केले. पाँडिचेरीत राहून भारतविद्येचा अभ्यास करण्याची परंपरा अशी तयार होत होती. तिला घर नव्हते.

१९४७ नंतर प्रश्न उरला तो फक्त केव्हा आणि कसे याचा. चंद्रनगरने जून १९४९ च्या कौलात भारताची बाजू घेतली : ७,४६३ मते विलीनीकरणाला, ११४ विरोधात. १९५४ च्या उन्हाळ्यात यानम आणि माहे लोकांनी मुक्त केले. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्स व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू येथे हरला. पॅरिसमध्ये पिएर मांदेस-फ्रान्स यांचे सरकार आले आणि वाटाघाटींना वेग आला. १८ ऑक्टोबरला किळूर गावी प्रतिनिधी आणि नगरसेवक मिळून १७८ जण जमले. १७० जणांनी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिले, ८ जणांनी विरोधात. २१ ऑक्टोबरला करार झाला आणि १ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रत्यक्ष कारभार भारताकडे आला. त्याच १ नोव्हेंबरला अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि पुढे जवळजवळ आठ वर्षे चालले. एकाच साम्राज्याच्या दोन कोपऱ्यांत एकाच दिवशी घडलेल्या या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या की पाँडिचेरीत काय टळले ते कळते.

१९५५ ते १९६५ : पायाभरणी

पाँडिचेरी फ्रेंच संस्कृतीकडे उघडणारी खिडकी म्हणून राहावी, ही जवाहरलाल नेहरूंची इच्छा प्रसिद्ध आहे. फ्रेंचांनाही तेथून हात झटकून जायचे नव्हते. या दोन इच्छांना आकार देण्याचे काम झाँ फिलिओझा यांच्याकडे आले. १९०६ साली जन्मलेले फिलिओझा मूळचे डॉक्टर, नेत्रवैद्य. वैद्यकी करता करता ते संस्कृत, पाली, तिबेटी आणि तमिळ शिकले. आयुर्वेदाच्या मूळ सिद्धांतांवरील त्यांचा ग्रंथ १९४९ साली आला होता आणि ते कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक होते. संस्कृत आणि तमिळ या दोन्ही परंपरा एकत्र वाचल्याशिवाय दक्षिण भारत समजत नाही, ही त्यांची पक्की धारणा होती. संस्थेची दिशा तिनेच ठरवली.

२८ मे १९५६ रोजी दिल्लीत झालेल्या हस्तांतरणाच्या तहात या संस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे : संशोधनाची आणि उच्च शिक्षणाची संस्था म्हणून ती चालू राहील. त्याच तहात पाँडिचेरीकरांना नागरिकत्व निवडण्याचा हक्क होता आणि लोकप्रतिनिधी वेगळे ठरवीत नाहीत तोवर फ्रेंच ही राजभाषा राहील असेही होते. हा तह पॅरिसमध्ये मंजूर होऊन अमलात यायला १६ ऑगस्ट १९६२ उजाडले. अल्जीरियाचा प्रश्न मिटल्याखेरीज फ्रेंच संसदेने तिकडे वळून पाहिले नाही. म्हणजे पहिली सात वर्षे ही संस्था अशा भूमीवर काम करत होती जी व्यवहाराने भारताची आणि कायद्याने फ्रान्सची होती. या अधांतरी काळात संस्थेने जे कमावले त्यावरच पुढची इमारत उभी राहिली.

संस्थेचे पहिले प्रकाशन १९५६ साली निघाले. कारैकल अम्मैयार या प्राचीन शिवभक्त संत कवयित्रीच्या तमिळ रचना, कारावेलान यांच्या फ्रेंच अनुवादासह आणि फिलिओझांच्या प्रस्तावनेसह. फ्रेंच राज्यातल्याच एका गावाची ही संत. तिच्या नावाने प्रकाशनमाला सुरू व्हावी यात मोठे औचित्य होते.

पण या दशकाचे मुख्य काम म्हणजे शैवागमांचा शोध. दक्षिणेतील शिवमंदिरांत मूर्ती कशी घडवावी, देऊळ कसे बांधावे, पूजा, उत्सव, दीक्षा कशी करावी हे सारे आगमग्रंथ सांगतात. परंपरेने मूळ आगम २८ मानले जातात आणि ज्ञान, क्रिया, योग, चर्या असे त्यांचे चार पाद. शतकानुशतके देवळे या ग्रंथांवर चालली, पण ग्रंथ मात्र पुजाऱ्यांच्या घरी, मठांत, ग्रंथ लिपीतल्या ताडपत्रांवर पडून होते. फार थोडे छापले गेले होते. तमिळ प्रदेशाच्या उष्ण दमट हवेत ताडपत्र तीनचारशे वर्षांपलीकडे क्वचित टिकते. मजकूर जगवायचा तर पिढ्यापिढ्यांनी नवी प्रत करावी लागते. छापखाना आला, नोकऱ्या बदलल्या, आणि प्रती करणारे हातच थांबले. कीड मात्र थांबली नाही.

हे काम पंडित एन. आर. भट यांनी अंगावर घेतले. संस्थेतील पंडित आणि साहाय्यक गावोगाव फिरले. शिवाचार्यांच्या घरी जाऊन बसायचे, विश्वास मिळवायचा, पोथी पाहायची. कोणी पोथी देई, कोणी देत नसे. जिथे पोथी कायमची मिळाली नाही तिथे ती उसनी आणून कागदावर देवनागरीत नक्कल करून घेतली जाई आणि मूळ पोथी मालकाला परत जाई. अशा हस्तलिखित नकलांची संख्या पुढे हजारावर गेली. ताडपत्रांवरची धूळ काढणे, त्यांना गवती चहाचे तेल लावणे, पुसट अक्षरांत काजळी भरून ती वाचती करणे, सुट्या पानांचा क्रम लावणे ही कामे करणाऱ्यांची नावे ग्रंथांच्या मुखपृष्ठावर येत नाहीत. या संस्थेचा इतिहास त्यांचा आहे.

भटांनी एकेका आगमाच्या अनेक पोथ्या ताडून पाहून चिकित्सक आवृत्त्या सिद्ध केल्या. रौरवागमाचा पहिला खंड १९६१ साली आला, १९६२ साली मृगेंद्र, १९६४ साली अजितागमाचा पहिला खंड. एलेन ब्रुनेर यांनी सोमशंभुपद्धती या पूजाविधीच्या ग्रंथाचे संपादन आणि फ्रेंच भाषांतर हाती घेतले. पहिला खंड १९६३ साली निघाला आणि चौथा १९९८ साली. पस्तीस वर्षे एका ग्रंथाला देणारे अभ्यासक ज्या संस्थेला लाभतात ती भाग्यवान. आणि पोथ्या इथेच राहिल्या. फादर पाँस यांच्या वेळेपासून बंदराकडे जाणारा रस्ता या संस्थेने सोडून दिला. माझ्या मते तिच्या सत्तर वर्षांतला हा सर्वांत मोठा निर्णय होय.

१९५६ पासून देवळांची आणि मूर्तींची छायाचित्रे घेण्याचे कामही सुरू झाले. पी. झेड. पट्टाबिरामिन हे पाँडिचेरीचेच संशोधक, अरिकमेडूच्या काळापासून पुरातत्त्वात रमलेले. त्यांच्यासारख्यांच्या परिश्रमातून उभ्या राहिलेल्या छायाचित्र-संग्रहात आज दीड लाखांहून अधिक छायाचित्रे आहेत. नंतर चोरीला गेलेल्या किंवा जीर्णोद्धारात बदललेल्या कित्येक मूर्तींचे मूळ रूप आता केवळ तिथेच पाहता येते.

१९६० च्या सुमारास संस्थेला दुसरा पाय फुटला : निसर्गविज्ञान विभाग. तुलूझचे वनस्पतिशास्त्रज्ञ आंरी गोसाँ यांच्या पद्धतीने, भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सहकार्याने, भारतातील वनस्पती आणि हवामान यांचे १ : १०,००,००० प्रमाणाचे नकाशे काढायचे ठरले. पिएर लेग्री यांनी नेतृत्व केले. कन्याकुमारीचा नकाशा १९६१ साली आला. या नकाशांत ओलाव्याला निळ्या छटा आणि कोरडेपणाला पिवळ्या-नारिंगी छटा दिलेल्या असतात, त्यामुळे नकाशा उलगडला की डोळ्यांनाच हवामान वाचता येते.

१९६५ ते १९७५ : नकाशे आणि ग्रंथ

भारतासाठी अशी १२ पत्रे निघाली. त्यांत 'मुंबई' आणि 'वैनगंगा' ही दोन आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावरचे सदाहरित पट्टे, घाट उतरताच पूर्वेला सुरू होणारे पर्जन्यछायेचे काटेरी माळ, वैनगंगेच्या खोऱ्यातील सागाची राने यांची साठ-सत्तरच्या दशकांतली नोंद पाँडिचेरीत झाली, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. व्ही. एम. मेहेर-होमजी यांनी आपले अवघे संशोधनजीवन या कामाला वाहिले. फ्रान्स्वा ब्लास्को यांनी दक्षिणेतील डोंगरांच्या वनांवर १९७१ साली आणि भारतातील खारफुटीवर १९७५ साली ग्रंथ लिहिले. खारफुटी म्हणजे निरुपयोगी चिखल असे समजून भराव टाकण्याचा तो काळ होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या ग्रंथाचे मोल कळते.

भाषांच्या बाजूला फ्रान्स्वा ग्रो यांनी परिपाडल या संगमकालीन तमिळ ग्रंथाचा अनुवाद १९६८ साली प्रसिद्ध केला आणि ब्रुनो दाजाँ यांनी मयमत या वास्तुशास्त्रावरील संस्कृत ग्रंथाचे संपादन व भाषांतर दोन खंडांत पूर्ण केले. पहिला खंड १९७० चा, दुसरा १९७६ चा.

१९७५ ते १९८५ : संस्थापकांनंतर

१९७७ साली फिलिओझा निवृत्त झाले. बावीस वर्षे संचालकपद त्यांच्याकडे होते, आणि १९५६ पासून ते एकोल फ्रान्सेझ द'एक्स्त्रेम-ओरिआँ या पौर्वात्य विद्यासंस्थेचेही प्रमुख होते. हनोईत रुजलेल्या त्या संस्थेला व्हिएतनाममधून पाय काढावा लागला आणि तिचे एक केंद्र पाँडिचेरीत आले. तेव्हापासून दोन्ही संस्था हातात हात घालून काम करीत आहेत. १९८२ साली फिलिओझांचे निधन झाले. कोणत्याही संस्थेत संस्थापकानंतरचा काळ अवघड असतो. मतभेद झाले नाहीत असे नाही. पण कामाच्या ओघात ते मागे पडले आणि सर्वांनी मिळून गाडा पुढे नेला.

या दशकात झाँ-पिएर पास्काल यांच्या नेतृत्वाखाली पश्चिम घाटाच्या वनांचे १ : २,५०,००० प्रमाणाचे, म्हणजे अधिक बारकाईचे, नकाशे निघू लागले. कर्नाटक वनखात्याच्या सहकार्याने १९८२ पासून आलेल्या पत्रांत मडिकेरी-म्हैसूर आणि शिमोगा यांच्या जोडीला बेळगाव-धारवाड-पणजी हे पत्र होते. गोव्याचा घाट, तिळारीच्या दक्षिणेची राने, बेळगावच्या पश्चिमेचा डोंगर त्यात येतो. तमिळच्या बाजूला टी. व्ही. गोपाल अय्यर यांनी तेवारम या संबंदर, अप्पर आणि सुंदरर या शैव संतांच्या स्तोत्रसंग्रहाची आवृत्ती फ्रान्स्वा ग्रो यांच्यासह सिद्ध केली. पहिले दोन खंड १९८४ आणि १९८५ साली, तिसरा १९९१ साली. हे दोन विद्वान मिळून जुन्या तमिळच्या किती परंपरा एकत्र आणत होते याची कल्पना त्या खंडांच्या टिपा चाळल्यावर येते.

१९८५ ते १९९५ : एक आघात, एक नवा विभाग

५ सप्टेंबर १९८६ हा संस्थेच्या इतिहासातला काळा दिवस. मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान कराचीत अतिरेक्यांनी बळकावले. त्यात संस्थेच्या परागविज्ञान प्रयोगशाळेचे प्रमुख गणपती तनिकैमणी यांचा मृत्यू झाला. ते ४८ वर्षांचे होते. परागकणांच्या रचनेवरील जगभरच्या लेखनाची त्यांनी तयार केलेली सूची अभ्यासकांना आजही लागते. तळ्याच्या, दलदलीच्या थरांत अडकलेला पराग ओळखता आला तर हजारो वर्षांपूर्वी तेथे कोणते अरण्य होते हे सांगता येते, आणि त्यासाठी आजच्या झाडांचे पराग आधी नमुन्याला हवेत. सुमारे १५ हजार वनस्पतिजातींचा असा नमुना-संग्रह संस्थेत आहे आणि तो तनिकैमणींच्या नावाने ओळखला जातो. खारफुटीच्या परागांवरील त्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात १९८७ साली निघाले.

१९८८ साली समाजशास्त्र विभाग सुरू झाला. जात, शेती, लोकसंख्या, शहरीकरण यांकडे संस्थेचे लक्ष वळले. ज्या संस्थेची सुरुवात पोथ्यांनी झाली तिने गावातल्या कर्जाचा आणि मजुरीचा हिशेब मांडायला घेणे हा मोठा बदल होता, आणि तो योग्यच होता. त्याच वर्षी पास्काल यांचा पश्चिम घाटाच्या सदाहरित वनांवरील मुख्य ग्रंथ आला. कोडगूतील उप्पंगळा येथे कायमचा अभ्यासपट्टा आखून तेथील झाडान् झाड मोजण्याची प्रथाही याच सुमारास पडली. ठरावीक काळाने जाऊन तीच झाडे पुन्हा मोजायची, हे काम करणारे वनरक्षक आणि क्षेत्र-साहाय्यक पाऊस, जळवा आणि हत्ती यांच्या सोबतीने ते आजवर करत आले आहेत.

१९९५ ते २००५ : पोथीपासून पडद्यापर्यंत

बी. आर. रमेश आणि पास्काल यांचा पश्चिम घाटातील प्रदेशनिष्ठ वृक्षांचा अ‍ॅटलास १९९७ साली प्रसिद्ध झाला. कोणते झाड फक्त इथेच, आणि इथेही नेमके कुठे, हे त्यात नकाशांवर दिसते. संगणक आणि उपग्रहचित्रे यांची प्रयोगशाळा याच वर्षांत पक्की झाली आणि वनशास्त्रज्ञ, इतिहासकार, समाजशास्त्रज्ञ एकाच नकाशावर काम करू लागले. दक्षिण भारताच्या ऐतिहासिक अ‍ॅटलासचे काम त्यातून आकाराला आले. वाय. सुब्बरायलू यांच्यासारखे शिलालेखांचे जाणकार त्यात अग्रभागी होते. चोळकाळातील शिलालेखात येणारे गाव आजच्या नकाशावर बसवायचे म्हणजे नावे, नद्या, तळी, पेठा सारे जुळवावे लागते.

२००५ साली संस्थेच्या कामाला जागतिक पावती मिळाली. इन्स्टिट्यूट आणि एकोल फ्रान्सेझ यांच्याकडील मिळून सुमारे ११ हजार शैव हस्तलिखितांचा संग्रह युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत दाखल झाला. शिवाचार्यांच्या माळ्यांवरून उतरवलेली ती ताडपत्रे आता सर्व जगाचा वारसा म्हणून मान्य झाली. पंडित भट हे पाहायला होते. त्यांचे निधन २००९ साली झाले.

२००५ ते २०१५

२००७ साली तेवारमची संगणकीय आवृत्ती निघाली. तिरुपतीच्या राष्ट्रीय संस्कृत विद्यापीठाबरोबर पाणिनीय व्याकरणातील उदाहरणांचा कोश तयार होऊ लागला. संस्थेतील देवनागरी नकला मुक्तबोध संस्थेच्या प्रयत्नाने संगणकावर सर्वांना खुल्या झाल्या. एके काळी पुजाऱ्याच्या ओसरीवर बसून मिनतवारीने मिळवलेला मजकूर आता कोल्हापूरचा किंवा क्योटोचा विद्यार्थी घरबसल्या वाचतो. भारतीय जैवविविधतेची माहिती लोकसहभागातून गोळा करणाऱ्या संकेतस्थळाच्या उभारणीतही संस्थेचा वाटा होता. समाजशास्त्र विभागाने तमिळनाडूच्या खेड्यांत मजुरी, सावकारी आणि सूक्ष्मवित्त यांच्या पाहण्या केल्या.

२०१५ पासून आजपर्यंत

तमिळनाडूतील जुन्या फोटो स्टुडिओंमधल्या काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्ह वाचवण्याचे काम गेल्या दशकात ठळकपणे झाले. लग्ने, बारशी, शाळेचे वर्ग, परदेशी निघालेला मुलगा अशा सामान्य माणसांच्या चेहऱ्यांचा हा इतिहास भंगारात जाण्याच्या बेतात होता. त्याच त्याच कुटुंबांकडे वर्षांनंतर पुन्हा जाऊन त्यांचे उत्पन्न, कर्ज आणि स्थलांतर यांची नोंद घेणाऱ्या ग्रामीण पाहण्या सुरू आहेत. उप्पंगळाची मोजणी सुरू आहे. वनस्पति-नमुन्यांचा संग्रह वीस हजारांच्या पुढे गेला आहे. संस्था फ्रान्सच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि सीएनआरएस या राष्ट्रीय संशोधन केंद्राच्या छत्राखाली आहे. तिथले काम करणारे हात बहुतांशी भारतीय आहेत, आणि ते पहिल्या दिवसापासून तसेच आहेत.

सेंट लुई रस्त्यावरील तिची जुनी वास्तू समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. शहरात फ्रेंच राज्याच्या खुणा अजून पुष्कळ आहेत : पोलिसांच्या लाल टोप्या, द्युप्लेक्सचा पुतळा, महायुद्धात पडलेल्यांचे स्मारक, १४ जुलैचा सोहळा, फ्रेंच नागरिकत्व राखलेली तमिळ कुटुंबे. पर्यटक त्यांचे फोटो काढून परततात. माझा निवाडा असा की फ्रेंच राज्याचा सर्वांत सुपीक अवशेष या वास्तूत आहे, आणि तो सुपीक झाला कारण भारतीय पंडितांनी, लेखनिकांनी, छायाचित्रकारांनी आणि वनसेवकांनी त्याला आपले मानले.

मराठी अभ्यासकांना एक विनंती करून थांबतो. जिंजी आणि तंजावर येथील मराठी राज्यांचा फ्रेंचांशी आलेला संबंध मार्तँच्या आठवणींत आणि कंपनीच्या फ्रेंच दप्तरांत विखुरलेला आहे. दुसरी बाजू तंजावरच्या मोडी कागदांत आहे. दोन्ही वाचणारे फार थोडे. मोडी येणाऱ्या, फ्रेंच शिकण्याची तयारी असलेल्या तरुणांनी पाँडिचेरीला जावे. सह्याद्रीवर काम करणाऱ्यांनी 'मुंबई' आणि 'वैनगंगा' ही पत्रे मागवून आजच्या वनांशी ताडून पाहावीत. संस्थेचे ग्रंथालय संशोधकांसाठी खुले आहे.